दहा वर्षांच्या मुलीसाठी घरी बांधायची कायाक: स्थिरता नेमकी कशातून येते?

आपण दिलेली माहिती थोडक्यात अशी आहे. मुलगी दहा वर्षांची, वजन ३२ किलो, उंची १३६ सेंमी. घर कर्ली नदीच्या खाडीलगत. प्लायवूड आणि इपॉक्सी वापरून तिच्यासाठी कायाक बांधायची आहे आणि हाती प्रौढांसाठीच्या ४.८ मीटर लांब, ५८ सेंमी रुंद कायाकचा आराखडा आहे. हा आराखडा ३.५ मीटरपर्यंत आखूड करून रुंदी ८० सेंमी केली, तर होडी कधीच उलटणार नाही ना, असे आपण विचारले आहे.

थेट उत्तर आधी देतो. ८० सेंमी रुंदीची गरज नाही, आणि एवढी रुंदी तिच्यासाठी त्रासाची ठरेल. जलरेषेवर, म्हणजे होडी पाण्यात बसल्यावर पाणी तिच्या अंगाला जिथे टेकते तिथे, ५४ सेंमीच्या आसपास रुंदी तिच्या वजनाला पुरते. वरच्या कडेला ती ५९-६० सेंमी झाली तरी चालेल. मात्र बैठक तळालगत हवी आणि होडीचा एकूण आकार तिच्या वजनाला बेतलेला हवा. या दोन अटी सांभाळल्या नाहीत, तर रुंदी वाढवून फारसे काही साधत नाही.

आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या काळज्या एकत्र आल्या आहेत आणि त्या सुट्या केल्याशिवाय आराखडा नीट होत नाही. पहिली काळजी अशी की मुलगी मागे वळली, पाण्यात हात घातला, मासा दिसला म्हणून एका बाजूला वाकली, तर होडीने तिला सांभाळून घेतले पाहिजे. दुसरी अशी की एवढे करूनही होडी उलटलीच, तर त्यातून काही वाईट होता कामा नये. पहिलीचे उत्तर होडीच्या आकारात आहे. दुसरीचे उत्तर हवाबंद कप्पे, बसण्याच्या जागेचे मोकळे तोंड, लाइफ जॅकेट आणि उथळ पाण्यातला सराव यांत आहे, आणि कितीही रुंदी दिली तरी ते तिथून मिळत नाही. उलट फार रुंद, सपाट होडी एकदा पालथी झाली की पालथ्या स्थितीतही तितकीच घट्ट बसते आणि लहान मुलीला ती एकटीने सुलटी करता येत नाही. हे वडीलमंडळींच्या सहसा ध्यानात येत नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगतो.

काही गोष्टी आपल्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. मुलगी पोहते का, हे आपण लिहिलेले नाही. पुढे जे सांगतो आहे ते ती पोहते, शेजारी मोठे माणूस दुसऱ्या होडीत असते आणि फेरी आतल्या शांत पाण्यात होते, असे धरून. ती सहा-सात वर्षांची असती किंवा पाण्याला बिचकत असती, तर मी एकाच होडीवर न थांबता तिला एका बाजूला काढता-घालता येणारी उलंडी, म्हणजे आडव्या दांडीने होडीला जोडलेला तरंगता ओंडका, जोडायला सांगितले असते. आपल्या किनाऱ्यावरच्या छोट्या होड्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या लावत आले आहेत आणि तिच्याइतका भरवशाचा आधार दुसरा नाही. दहा वर्षांच्या पोहणाऱ्या मुलीला मात्र ती लवकरच अडचणीची वाटू लागते, कारण वल्हे तिच्या आडव्या दांडीला अडखळते.

आता कारणांकडे वळतो. होडी एका बाजूला कलली की त्या बाजूचा अधिक भाग पाण्यात जातो, पाण्याचा वर ढकलणारा रेटा तिकडे सरकतो आणि होडीला परत उभी करू पाहतो. हा आधार रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: रुंदी दहा टक्क्यांनी वाढली तर आधार सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. त्याला होडीने बाजूला सारलेल्या पाण्याच्या आकारमानाने भागायचे असते, म्हणून भार जितका कमी तितकी तीच रुंदी अधिक कामी येते. यातून जी उंची निघते ती पाण्यात बुडालेल्या भागाच्या मध्यापासूनची असते. तिच्यात त्या मध्याची तळापासूनची उंची मिळवली की मेटासेंटरची, म्हणजे ज्या काल्पनिक बिंदूभोवती होडी डुलते त्याची, उंची मिळते, आणि तिच्यातून बसणाऱ्यासह सगळ्या भाराच्या गुरुत्वमध्याची उंची वजा केली की जे उरते तीच होडीची सुरुवातीची स्थिरता.

हे आपल्या मुलीच्या बाबतीत आकड्यांत मांडून पाहू. मुलगी ३२ किलो, होडी १४ किलो, लाइफ जॅकेट आणि पाण्याची बाटली वगैरे ३ किलो, असे एकूण ४९ किलो होतात. जलरेषेवर ३.२ मीटर लांबी आणि ५४ सेंमी रुंदी धरली, दोन्ही टोके नेहमीसारखी निमुळती धरली, तर होडी जेमतेम ६ सेंमी पाण्यात बसते. मेटासेंटर तळापासून सुमारे ४३ सेंमीवर येतो. बैठक तळापासून २ सेंमीवर असेल, तर एकूण गुरुत्वमध्य १९ सेंमीच्या आसपास राहतो. म्हणजे हाती सुमारे २४ सेंमी उरतात. हेच गणित जलरेषेवर ५६ सेंमी रुंद असलेल्या लांब कायाकमध्ये बसलेल्या ७५ किलोच्या माणसासाठी केले, तर उत्तर ११ सेंमीच्या आसपास येते. मोठ्या माणसाला जी होडी डुगडुगणारी वाटते, तिच्याहूनही थोड्या अरुंद होडीत ३२ किलोची मुलगी निश्चिंत बसू शकते, याचे कारण हे आहे.

बैठकीकडे फार दुर्लक्ष होते, म्हणून तिच्यावर थोडे अधिक लिहितो. मुलीला पुढचे नीट दिसावे म्हणून तिच्याखाली जाड उशी किंवा फळी देण्याचा मोह होतो. बैठक १० सेंमी उचलली की एकूण गुरुत्वमध्य साडेसहा सेंमी वर जातो आणि वरच्या २४ सेंमींतले पाव भागाहून अधिक एका उशीपायी निघून जातात. बैठक म्हणजे तळावर चिकटवलेली २ सेंमी जाडीची, बंद पेशींच्या, म्हणजे पाणी न शोषणाऱ्या, फोमची पट्टी एवढेच पुरे. पुढचे दिसत नसेल तर पुढचा डेक, म्हणजे होडीचे वरचे झाकण, खाली घ्यावा, मुलीला वर घेऊ नये.

‘पुढे मोठी झाल्यावरही चालेल अशी मोठीच बांधू का’ हा आपला उपप्रश्न होता. या होडीला एक सेंमी अधिक बुडवायला जवळजवळ १२ किलो लागतात. मुलगी ४५ किलोची झाली तरी होडी आतापेक्षा सेंमीभरच खाली जाईल. तिला जागा कमी पडणार नाही. बदलेल ती स्थिरता: २४ सेंमींवरून ती १४ सेंमींच्या आसपास येईल, कारण भार वाढला आणि गुरुत्वमध्यही वर गेला. तोपर्यंत तिचा हात बसलेला असेल आणि थोडी चपळ होडी तिला आवडूही लागेल. वजन वाढेल तसा होडीचा आधार आपोआप कमी होत जातो आणि तिचे कौशल्य ती जागा भरून काढते. म्हणूनच होडी आजच्या वजनावर बांधावी, असा माझा ठाम आग्रह असतो. पायाचा टेकू तेवढा मागे-पुढे सरकवता येईल असा ठेवावा, कारण पाय भराभर लांब होतात.

८० सेंमी रुंदीने काय बिघडते ते आता सांगतो. दहा वर्षांच्या मुलीच्या खांद्यांची रुंदी ३०-३२ सेंमी असते. वल्हे पाण्यात उभे घालायला तिला होडीच्या कडेपलीकडे हात न्यावा लागतो; कड ४० सेंमी लांब असेल तर हात पोहोचत नाही, वल्हे आडवे फिरते, बोटांची पेरे कडेवर घासतात आणि वल्ह्याच्या प्रत्येक ओढीला होडी पुढे जाण्याऐवजी नागमोडी वळते. मग लांब वल्हे घ्यावे लागते, ते जड पडते, आणि मुलगी अर्ध्या तासात थकते. थकलेले मूल हा पाण्यावरचा मोठा धोका आहे, होडी कितीही घट्ट असो. याशिवाय अतिरुंद सपाट तळ लाटेच्या उताराला चिकटून राहतो. बाजूने लाट आली की होडी झटक्याने तिच्याबरोबर कलते आणि मुलीचे अंग उलट्या बाजूला फेकले जाते. योग्य रुंदीची होडी लाट आपल्याखालून जाऊ देते.

प्रौढांची कायाक जशीच्या तशी द्यावी म्हटले, तर वेगळा त्रास होतो. हलक्या भाराने ती उंच तरंगते, बाजूच्या तिरक्या भिंतींमुळे जलरेषेवर तिची रुंदी कमी भरते आणि वाऱ्याला भरपूर अंग मिळते. दुपारी खारा वारा सुरू झाला की अशी होडी पाचोळ्यासारखी वाहवत जाते आणि ३२ किलोच्या मुलीला तिचे तोंड वळवता येत नाही. ग्रीनलंडच्या पारंपरिक कायाक बांधणीत मापे वल्हवणाऱ्याच्या अंगावरूनच घेत: लांबी उंचीच्या सुमारे तिप्पट, रुंदी नितंब आणि दोन मुठी. ती रुंदी शिकाऊ मुलीला फारच कमी होईल, म्हणून ती जशीच्या तशी घेऊ नये. पण माप माणसावरून घ्यायचे, हे तत्त्व सोडू नये.

आकाराविषयी माझी पसंती अशी आहे. तळ दोन फळ्यांचा, अगदी उथळ कोनाचा असावा. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तिरकी फळी, आणि तिच्यावर १५ ते २० अंश बाहेर झुकलेली बाजू. पूर्ण सपाट तळ पहिल्यांदा फार घट्ट वाटतो, पण एका मर्यादेनंतर अचानक सुटतो आणि मुलाला सावरायला वेळ देत नाही. बाहेर झुकलेल्या बाजूंमुळे होडी जसजशी कलते तसतशी पाण्यावरची रुंदी वाढते आणि आधार हळूहळू घट्ट होत जातो. हा इशारा मुलांना पाठीतून लगेच कळतो. बैठकीपाशी बाजूंची उंची २० सेंमीपेक्षा जास्त नको, नाहीतर तिची कोपरे कडेवर आपटतील. पुढे पायांच्या जागी डेक मध्यभागी २५ सेंमीपर्यंत उंचावला की पावले सरळ मावतात.

बैठक लांबीत कुठे यावी, हे अंदाजाने ठरवू नये. जमिनीवर एक पाइप ठेवून त्यावर लांब फळी मधोमध तोलावी. मग मुलीला फळीवर पाय पसरून, हातात वल्हे धरल्यासारखी बसवावी आणि फळी पुन्हा तोलली जाईपर्यंत तिला पुढे-मागे सरकवावे. पाइपच्या बरोबर वर तिच्या शरीराचा जो भाग येतो, तिथे तिचा गुरुत्वमध्य आहे. पाठीपासून तिथवरचे अंतर मोजून लिहून ठेवावे. होडीच्या तरंगण्याच्या मध्यावर हा बिंदू आला की नाळ, म्हणजे पुढचे टोक, आणि मागचे टोक समान बसतात. नाळ जड झाली तर होडी सारखी वाऱ्याकडे तोंड फिरवते, मागचे टोक जड झाले तर वाऱ्यापासून दूर फिरते. दोन्हींत मुलीची शक्ती एकाच बाजूच्या वल्ह्यात खर्च होते.

सामानाविषयी आवश्यक तेवढेच लिहितो. प्लायवूडचे तुकडे तारेने किंवा केबल-टायने शिवून आतून रेझिनने सांधण्याची पद्धत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये आलेल्या मिरर या छोट्या शिडाच्या होडीमुळे घरोघरी पोहोचली, आणि नवशिक्यासाठी आजही तीच योग्य आहे. प्लायवूड आयएस ७१० या मरीन प्लायच्या मानकाचे, तळाला व बाजूंना ४ मिमी आणि डेकला ३ मिमी घ्यावे. आपल्याकडचे मरीन प्लाय बऱ्याचदा जड लाकडाचे असते. ८ बाय ४ फुटांचा ४ मिमीचा एक ताव ८ किलोच्या वर भरतो, म्हणून दुकानातच वजन करून पाहावे. शिक्क्यावर विसंबू नये. तावाचा कोपरा कापून घेऊन तो तीन-चार तास उकळावा, वाळवावा, पुन्हा उकळावा आणि मग पटाशीने थर सुटतात का ते पाहावे. कापलेल्या कडेत मधल्या थरात पोकळी दिसली तर तो ताव परत करावा. ४ मिमीच्या तीन थरांत एक पोकळीही वाकवताना मोडते.

आपल्या हवेत इपॉक्सी दोन प्रकारे त्रास देते. उन्हाळ्यात ते भांड्यात तापून पटकन घट्ट होते, म्हणून थोडे थोडे कालवून लगेच पसरट ताटलीत ओतावे. दमट हवेत वाळलेल्या थरावर तेलकट, पांढुरकी साय धरते. ती साध्या पाण्याने धुऊन, पुसून, घासल्याशिवाय पुढचा थर दिला तर तो धरत नाही. भर पावसाळ्यात हे काम काढूच नये. सांध्यांवर आतून-बाहेरून आणि संपूर्ण तळावर फायबरग्लासचे कापड चढवावे, कारण खाडीत कालवांचे दगड असतात आणि मुले होडी ओढतच किनाऱ्यावर आणतात.

आता दुसऱ्या काळजीकडे येतो. पावलांच्या पुढे आणि पाठीच्या मागे, शक्य तितक्या जवळ, ४ मिमी प्लायवूडच्या आडव्या भिंती घालून दोन हवाबंद कप्पे करावेत. भिंती जवळ असल्या की होडी उलटून सुलटी केल्यावर आत कमी पाणी राहते आणि डब्याने उपसून मुलगी पुन्हा चढू शकते. प्रत्येक भिंतीला वरच्या बाजूला २ मिमीचे छिद्र ठेवावे. उन्हात तापलेल्या हवेला वाट मिळाली नाही तर सांधे फुगून सुटतात. कप्प्यांवर पूर्ण भरवसा न ठेवता त्यांत फोमही भरावा. थर्माकोल वापरणार असाल तर इपॉक्सी त्याला काही करत नाही, पण पॉलिएस्टर रेझिनमधले स्टायरीन त्याला विरघळवून टाकते. कुणी स्वस्त म्हणून ते रेझिन सुचवले तर हे ध्यानात असू द्यावे. बसण्याचे तोंड ८० सेंमी लांब आणि ४० सेंमीच्या आसपास रुंद ठेवावे, म्हणजे गुडघे वर घेऊन ती सहज बाहेर पडेल. पाणी अडवणारे कमरेभोवतीचे कापड या वयात लावूच नये. लाइफ जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवा, कारण पट्टा नसलेले जॅकेट पाण्यात मुलाच्या कानांपर्यंत वर सरकते.

डेक बसवण्यापूर्वी एक चाचणी जरूर घ्यावी. सांधे पक्के झाले, आतल्या भिंती बसल्या, आतून-बाहेरून इपॉक्सीचा पहिला हात झाला, की होडीवर दोन-तीन आडव्या पट्ट्या तात्पुरत्या ठोकून ती गुडघाभर पाण्यात न्यावी आणि मुलीला बसवावे. दोन्ही टोकांना आणि मध्यभागी खडूने आखलेल्या रेषेशी पाणी कुठे लागते ते पाहावे. बैठकीचा फोम अजून चिकटवलेला नसतो, तो सरकवून तोल साधावा. मग तिला स्थिर बसायला सांगून, बैठकीसमोरच्या आडव्या फळीवर मध्यापासून २५ सेंमी अंतरावर ५ लिटर पाण्याने भरलेला कॅन ठेवावा. त्या बाजूची कड साडेतीन सेंमीच्या आसपास खाली गेली, तर होडी वरच्या गणिताप्रमाणे वागते आहे. सहा-सात सेंमी जात असेल, तर मुलगी उंच बसली आहे किंवा होडी आराखड्याहून अरुंद झाली आहे, आणि हे डेक लागण्याआधीच दुरुस्त करता येते. कुठल्याही चित्रापेक्षा मी या मापावर अधिक विश्वास ठेवतो.

पहिल्या फेऱ्यांविषयी एकच आग्रह आहे. सकाळी, भरतीच्या पाण्यावर, देवबागपाशी नदी समुद्राला मिळते त्या मुखापासून दूर आतल्या बाजूला जावे. ओहोटीला नदीचे पाणी आणि खाडीचे पाणी एकत्र मुखाकडे धावते, आणि त्या ओढीला लहान मुलीचे वल्हे पुरत नाही. दुपारचा खारा वारा त्या ओहोटीवर समोरून आला की तिथे आखूड, उभ्या लाटा उठतात. पहिल्याच दिवशी कमरेइतक्या पाण्यात आपण शेजारी उभे राहून तिला होडी मुद्दाम उलटवू द्यावी, बाहेर पडू द्यावे आणि मागच्या टोकावरून पुन्हा चढू द्यावे. हे तिला खेळासारखे जमेपर्यंत खोल पाण्यात नेऊ नये.

राहिला प्रश्न मागच्या पंखाचा, म्हणजे स्केगचा. साडेतीन मीटरच्या आतली होडी वल्हे थांबवले की एका बाजूला वळतेच, आणि म्हणून आराखड्यातच मोठा स्केग घालावा असे आपल्याला कुणी सुचवलेले दिसते. तो आत्ता लावू नये. सुरुवातीचे वळणे बरेचदा असमान ओढीमुळे असते आणि हात बसल्यावर कमी होते. महिनाभर वल्हवल्यानंतरही ती वाऱ्यात सरळ रेषा धरू शकत नसेल, तर मागच्या टोकाखाली ५-६ सेंमी उंचीचा लाकडी पंख इपॉक्सीने चिकटवावा. त्यासाठी तळाला भोक पाडावे लागत नाही, आणि फार झाला असे वाटले तर रंध्याने तो कमी करता येतो.